‘कट्यार काळजात घुसली’ची मूळ गाणी: ऐकून कशी वाटली, आणि नाटक परत आलं तर कोण कोण हवं

आधी कशाचा रिव्ह्यू आहे ते सांगते. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ची मूळ नाट्यगीतं, म्हणजे वसंतराव देशपांडे आणि त्या संचातल्या बाकीच्यांची, सध्या म्युझिक अ‍ॅपवर मिळतात, त्या रेकॉर्डिंगचा. २०१५ च्या सिनेमाच्या गाण्यांचा नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण अ‍ॅपवर नाव टाकलं की सगळं एकत्रच येतं, वर सिनेमाची गाणी, मधेच कुठल्यातरी मैफलीतलं एखादं, आणि मूळ नाटकातली खाली कुठेतरी, त्यात काही ठिकाणी गायकाचं नावच नाही. नवीन माणसाला कळणार कसं की तो कोणाला ऐकतोय? मी ज्या अ‍ॅपवर ऐकते तिथे तर एक गाणं संपलं की आपोआप भलतंच काहीतरी वाजायला लागतं, त्यामुळे स्वतःची प्लेलिस्ट करून घ्या, तेवढं कराच.

आवाजाची क्वालिटी म्हणाल तर त्या काळच्या मानाने खूपच चांगली. तबल्याचा बायां थोडा दबलेला वाटतो, ऑर्गन मागे राहतो, पण गळा अगदी पुढे येतो आणि आपल्याला तोच तर ऐकायचाय. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. ‘सुरत पिया की’ हेडफोनवर ऐकलं की कळतं वसंतराव काय करतायत. ती रागमाला आहे, सोहनीत सुरू होते आणि पुढे एकातून दुसऱ्या रागात अशी सरकते की वळण नेमकं कुठे घेतलं ते शोधायला मागे जाऊन परत ऐकावं लागतं, आणि प्रत्येक वळणाला तो माणूस फक्त गात नसतो, खांसाहेब म्हणून, म्हणजे नाटकातल्या त्यांच्या गवयाच्या भूमिकेत, समोरच्याला डिवचत असतो. ‘तेजोनिधी लोहगोल’ पण तसंच. ललत पंचमसारखा राग, संस्कृतप्रचुर शब्द, आणि त्या ‘लोहगोल’वर आवाजाचं जे वजन पडतं ना, तिथे अंगावर काटा येतो, दर वेळी.

एकच कमी आहे आणि ती रेकॉर्डिंगचीच मर्यादा. गाणी आटोपशीर आहेत. रंगमंचावर जे चाललं असेल, वन्स मोअर घेत घेत तीच जागा वेगळ्या अंगाने मांडणं, ते इथे नाही. आणि म्हणूनच हे रेकॉर्डिंग ऐकलं की पहिला विचार हाच येतो की हे नाटक परत रंगमंचावर यायला हवं, समोर बसून ऐकायला हवं. आमच्या ग्रुपवर तर हा विषय निघाला की जेवणाची वेळ टळते, हा घ्या तो घ्या, आणि भांडण नेहमी एकाच गोष्टीवर, खांसाहेब कोण करणार.

माझं म्हणणं असं की सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. आधी सदाशिव ठरवा, मग पंडितजी, आणि मग खांसाहेब.

का ते सांगते. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी नाटक रचलंय ते दोन गायकींच्या भांडणावर, पण ते भांडण आपल्यापर्यंत पोचतं सदाशिवच्या कानांतून. त्याला शिकायचंय पंडित भानुशंकरांची, म्हणजे पंडितजींची गायकी, तो येतो तर पंडितजी हरलेले आणि त्यांच्या हवेलीत खांसाहेब, आणि मग पोरगा नोकर म्हणून राहून चोरून ऐकतो, चोरून शिकतो. म्हणजे या नटाला आधी एका घराण्याचं गाता यायला पाहिजे, मग दुसऱ्याचं उचलता यायला पाहिजे, आणि मधला जो अर्धवट काळ आहे, जिथे धड हे नाही धड ते नाही, तो पण गळ्यातून दिसला पाहिजे. पट्टीचा गवई असला तरी मुद्दाम कच्चं गाणं फार अवघड असतं. मूळ संचात प्रसाद सावकार सदाशिव होते. २०१० ला सुबोध भावेने नाटक परत आणलं तेव्हा महेश काळे, जो पं. जितेंद्र अभिषेकींचाच शिष्य, म्हणजे ज्यांनी या नाटकाला संगीत दिलं त्यांच्याच हाताखाली तयार झालेला सदाशिव. याच्यावरची कास्टिंग मला तरी सुचत नाही. सिनेमातल्या ‘अरुणी किरणी’साठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

पण आता नवा पोरगा हवा, सदाशिवला तरुणपण पाहिजेच. माझं मत प्रथमेश लघाटे. ‘लिटिल चॅम्प्स’पासून ऐकतोय त्याला सगळे, नाट्यसंगीत त्याच्या गळ्यात लहानपणापासून मुरलंय, आणि मुख्य म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर एक ऐकणारा भाव आहे, दुसरा गात असताना तो खरंच ऐकतो. सदाशिवचं अर्धं काम तेच आहे! अभिनयाची तालीम करून घ्यावी लागेल भरपूर, ती घ्यावी, सहा महिने लागले तरी घ्यावी. आणि मग उमा म्हणून मुग्धा वैशंपायन, दोघं प्रत्यक्षात नवरा-बायको आहेत म्हणून नाही, तर दोघांची गाण्याची भाषा एक आहे म्हणून. पंडितजींची मुलगी आणि पंडितजींचा होऊ घातलेला शिष्य एकाच मुशीतले वाटले पाहिजेत. ग्रुपवर आर्या आंबेकरचं नाव पण जोरात आहे, तिने सिनेमात काम केलंय, कॅमेऱ्यासमोर सहज वावरते, हे मान्य, तरी मी मुग्धावर ठाम आहे.

पंडितजी. मूळचे भार्गवराम आचरेकर. इथे मला आनंद भाटेच हवेत. पं. भीमसेन जोशींकडची तालीम, लहानपणी बालगंधर्वांची पदं गाऊन ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळख, २०११ च्या ‘बालगंधर्व’ सिनेमात त्यांचाच गळा. आवाजात एक सात्त्विक गोडवा आहे जो ओढूनताणून आणता येत नाही. पंडितजी हरतात तेव्हा प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की आपल्याच घरातलं काहीतरी गेलं, आणि भाटेंचा सूर तिथे पोचतो. दुसरं नाव रघुनंदन पणशीकर, किशोरीताई आमोणकरांचे शिष्य, आणि ज्या प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आणलं त्यांचे चिरंजीव. मनाला हे फार भावतं. एखादा खास प्रयोग तरी त्यांना पंडितजी म्हणून घेऊन करा हो कोणीतरी!

आता ‘घेई छंद मकरंद’. हे गाणं नाटकात दोन चालींत आहे, पंडितजींच्या बाजूने सालगवराळी रागात आणि खांसाहेबांच्या बाजूने धानी रागात, शब्द तेच. अभिषेकीबुवांनी, मंगेशीच्या त्या माणसाने, अख्ख्या नाटकाचा झगडा एका पदात बसवून ठेवलाय. दोन्ही लागोपाठ ऐका. सालगवराळीतलं ऐकताना शब्द हळूहळू उमलतात, धानीतलं लागलं की तेच शब्द धावायला लागतात, तानांचा मारा सुरू होतो. माझी कास्टिंगची परीक्षा ही एवढीच आहे, पंडितजी आणि खांसाहेब म्हणून ज्या दोघांना घ्याल त्यांना डोळे मिटून ऐकलं आणि पहिल्या ओळीत कोण कोणता ते कळलं नाही तर जोडी चुकली. दोन थोर गायक घेतले म्हणजे झालं असं नसतं, ते एकमेकांपासून लांब असले पाहिजेत.

म्हणूनच खांसाहेब शेवटी ठरवायचे. आणि तिथे माझं उत्तर, बरेच जण नाक मुरडतील, परत राहुल देशपांडेच. आजोबांची भूमिका नातवाने केली, केली ना एकदा, आता दुसऱ्याला द्या, असं म्हणणारे भरपूर आहेत, त्यांचं म्हणणं मला कळतं. पण २०१० ला राहुल जेमतेम एकतीस वर्षांचा होता. खांसाहेबांना मोठी मुलगी आहे, वर्षानुवर्षं हरल्याचं विष आहे, जिंकल्यावर पण न शमणारी आग आहे. ते वय आत्ता आलंय त्याचं. मधल्या काळात ‘मी वसंतराव’मध्ये त्याने आजोबांनाच उभं केलं, स्वतः गाऊन स्वतः वावरून, त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला, तर आता जो खांसाहेब तो करेल तो एकदम वेगळा असेल. वसंतरावांचं पण बघा ना, आयुष्यातली कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली, लाहोरला असद अली खांसाहेबांकडून मारवा घेतला, इथून तिथून शिकून स्वतःची गायकी केली, आणि पन्नाशीच्या जवळ आल्यावर हा खांसाहेब त्यांना मिळाला. ती सगळी वाट त्या आवाजात ऐकू येते, रेकॉर्डिंगमध्ये सुद्धा.

झरीनासाठी, म्हणजे खांसाहेबांच्या मुलीसाठी, दोन नावं आणि मला खरंच ठरवता येत नाही. प्रियांका बर्वे, हिंदीत ‘मुघल-ए-आझम’च्या संगीत नाटकात अनारकली करून आलेली, म्हणजे मोठ्या रंगमंचावर गात गात अभिनय करायची सवय आहे, उर्दूचा लहेजा आहे. आणि शुभांगी सदावर्ते, ‘संगीत देवबाभळी’तली आवली ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको, तिचा आवाज थेट पोटातून येतो. फैय्याज यांचं ‘लागी करेजवा कटार’ ऐका या रेकॉर्डिंगमध्ये, ठुमरीचा नखरा आणि आतली कळ दोन्ही एकाच वेळी, ते प्रियांका करेल बहुतेक. पण बापासमोर उभी राहणारी मुलगी म्हणून शुभांगी. बघा आता, लिहिता लिहिता पण होईना ठरवणं. आलटून पालटून करा दोघींनी.

नाटकातल्या कविराज बांकेबिहारींच्या भूमिकेत वैभव मांगले, यात चर्चा नको. दिग्दर्शन प्राजक्त देशमुख, कारण त्याला गाणं आणि संवाद यांच्यातला सांधा दिसू न देता बसवता येतो. ऑर्गनवर आदित्य ओक.

एक अट मात्र सगळ्यात मोठी. सगळं गाणं लाइव्ह. सिनेमात चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुलचा, सदाशिव सुबोध भावे आणि आवाज महेश काळेचा, ते पडद्यावर चालून गेलं, छान चाललं, त्या सिनेमामुळे कितीतरी पोरं नाट्यसंगीताकडे आली आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. रंगमंचावर ते चालणार नाही. आजकाल काही प्रयोगांना ट्रॅक लावून ओठ हलवतात, मी एका प्रयोगाला बघितलंय, तबला ऐकू येतोय आणि तबलजी कुठेच नाही, तिकिटाचे पैसे गेल्याचं दुःख नाही पण नाट्यगृहातून निघताना अक्षरशः रडू येत होतं. कट्यारमध्ये असलं केलं तर नाटकच उरत नाही, कारण तिथे गाणं हेच हत्यार आहे, स्पर्धा खरी वाटायला गळा खरा पाहिजे. सर्दी झालेली असली, आवाज बसला, सूर एखाद्या जागी हलला, तरी चालेल, तो त्या दिवशीचा प्रयोग.

तर रेकॉर्डिंगला माझे पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो अ‍ॅपवर मांडलंय त्या अजागळपणासाठी, गाण्यांसाठी नाही. आधी ‘घेई छंद’ दोन्ही, मग ‘या भवनातील गीत पुराणे’, मग ‘सुरत पिया की’, या क्रमाने ऐका. सिनेमाची गाणी आधी ऐकली असतील तर दोन दिवस मधे जाऊ द्या, नाहीतर कान तुलनाच करत बसतात. आणि ऐकून झालं की तुमचा सदाशिव कोण ते कळवा, खांसाहेबाचं नंतर बघू.