पीएचडीचा व्हिजिट डे: थाटाचा, साधा की झूमवरचा, आणि त्यावरून विद्यापीठ कितपत कळतं

अमेरिकेतल्या पीएचडीच्या दोन ऑफर हातात आहेत, मार्च चालू आहे. एका ठिकाणचा व्हिजिट डे, म्हणजे अर्जदारांना डिपार्टमेंट दाखवायला बोलावतात तो दिवस, एकदम झकास झाला, तिकीट त्यांनी काढलं, चांगल्या हॉटेलात ठेवलं, डीनपासून सगळे येऊन भेटले, आणि दुसरीकडे एका खोलीत पिझ्झा, प्रोजेक्टर चालेना, यादीतले दोन प्रोफेसर तर उगवलेच नाहीत. साहजिकच मन पहिल्याकडे धावतं. माझं म्हणणं असं की थाटावरून ठरवू नका, पण व्हिजिट डेला काही गोष्टी अशा दिसून जातात ज्या कोणी मुद्दाम दाखवू शकत नाही आणि झाकूही शकत नाही, त्यांच्यावरून मात्र बिनधास्त ठरवा.

आधी एक फरक सांगते, कारण यात बरेच जण गोंधळतात. कॉम्प्युटर सायन्स आणि बऱ्याचशा इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये ऍडमिशन आधी होते आणि व्हिजिट डे नंतर, म्हणजे तिथे ते तुम्हाला पटवतायत. बायोलॉजीकडे जानेवारी-फेब्रुवारीत जो वीकेंड असतो तो बहुतेक वेळा इंटरव्ह्यूच असतो, जेवणाच्या टेबलावरसुद्धा तुमच्याकडे लक्ष असतं, तेव्हा तिथे जरा जपून. शिवाय बायोलॉजीत पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून मग ऍडव्हायजर, म्हणजे पीएचडीचा गाईड, ठरतो, म्हणून तिथे आख्खा प्रोग्रॅम तपासायचा. कॉम्प्युटर सायन्समध्ये अनेकदा ऑफरच एका ठराविक प्रोफेसरच्या भरवशावर असते, मग विद्यापीठाच्या नावापेक्षा त्या एका माणसाची पारख जास्त महत्त्वाची. पुढचं सगळं मी या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितेय.

थाटाचा व्हिजिट डे काय सांगतो? डिपार्टमेंटकडे पाहुणचाराचं बजेट आहे आणि ऑफिसमधला ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर कामाचा माणूस आहे, एवढंच. यातली दुसरी गोष्ट कमी समजू नका हं, कारण पुढची पाच-सहा वर्षं तुमचे फॉर्म, रजिस्ट्रेशन, स्टायपेंडचे घोळ हाच माणूस निस्तरणार असतो, त्याने ईमेलला कसं आणि किती लवकर उत्तर दिलं हे लक्षात ठेवा. पण हॉटेल आणि जेवण यांचा तुमच्या रिसर्चशी काडीचा संबंध नाही. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत पाहुण्यांवर पैसे खर्च करायचे नियमच कडक असतात, तिथे पिझ्झा दिसला म्हणून डिपार्टमेंट कंगाल आहे असं होत नाही.

साध्या, फसलेल्या व्हिजिट डेमध्ये मात्र कुठली गोष्ट फसली ते बघा. प्रोजेक्टर बंद पडला, सोडून द्या. वेळापत्रक तासभर लांबलं, तेही सोडून द्या. प्रोफेसर आला नाही, इथे थांबा. मार्चमध्ये लोक कॉन्फरन्सला जातात, डेडलाईन असतात, तेव्हा न येणं हा गुन्हा नाही, पण त्याने आधी कळवलं का, नंतर स्वतःहून झूमची वेळ दिली का? तुमचा होणारा ऍडव्हायजरच गायब होता आणि आठवडा झाला तरी उत्तर नाही, तर मनात पाल चुकचुकलीच पाहिजे. कारण तुम्ही त्यांना हवे आहात असा काळ हाच, एकदा हो म्हटल्यावर तुम्ही रांगेत बाकीच्यांच्या मागे.

आता कोणाशी बोलून काय कळतं ते. प्रोफेसरबरोबर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यातली पंधरा तो स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल बोलतो, आणि ते ऐकायला भारीच वाटतं, नाही असं नाही. पण त्यातून त्याची आवड कळते, तो मार्गदर्शक म्हणून कसा आहे ते नाही. तिथे एकच खडा टाकून बघा: "गेल्या वर्षी तुमच्या कुठल्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट फसला, आणि मग काय केलं?" जो खरंच विद्यार्थ्यांबरोबर बसतो त्याला नाव घेऊन गोष्ट सांगता येते, प्रयोग कुठे अडला, मग विषय कसा वळवला, पेपर कुठे गेला. जो बसत नाही तो म्हणतो, माझे सगळे विद्यार्थी उत्तम करतायत. हे दुसरं उत्तर ऐकायला गोड असतं पण त्यात ताकास तूर लागत नाही.

विद्यार्थ्यांबरोबरचं जेवण, जिथे एकही प्रोफेसर नसतो, तो खरा व्हिजिट डे. आणि तिथे सुद्धा काय बोलले यापेक्षा आधी कोण आलंय ते मोजा. सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतील तर त्यांचं अजून सगळं गोडगोड चाललेलं असतं, क्वालिफायर (पीएचडीत पुढे जायला द्यावी लागणारी परीक्षा) व्हायचीय, पेपर रिजेक्ट व्हायचाय. चौथ्या-पाचव्या वर्षाचे लोक आपण होऊन जेवायला थांबलेत, एकमेकांची खेचतायत, दुसऱ्या लॅबच्या लोकांना नावाने ओळखतायत, हे चित्र कुठल्याही कमिटीला उभं करता येत नाही. ज्या लॅबमध्ये तुम्ही जाणार त्या लॅबचं कोणीच आलं नसेल तर का ते विचारा, सरळ विचारा, लाजू नका.

"ऍडव्हायजर कसा आहे?" हा प्रश्न वाया जातो. सगळे म्हणतात "छान आहे", कारण तुम्ही अनोळखी आहात आणि उद्या हेच बोलणं वर गेलं तर काय घ्या. त्याऐवजी छोटा, मोजता येईल असा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, पेपरचा ड्राफ्ट दिल्यावर तो किती दिवसांत वाचून परत देतो? यावर एक जण पटकन सांगेल, चार दिवस, लाल करून देतो पण देतो. दुसरा आधी शेजारच्याकडे बघेल, हसेल, आणि म्हणेल "म्हणजे... डिपेंड्स, डेडलाईनच्या आदल्या रात्री नक्की बघतो". झालं, तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्या बिचाऱ्याला कोणाबद्दल वाईट बोलल्यासारखंही वाटलं नाही. असेच आणखी: आठवड्याची मीटिंग रद्द किती वेळा होते, सुट्टीत घरी भारतात जायचं तर किती आठवडे चालतात, गेल्या काही वर्षांत लॅब सोडून कोण गेलं आणि कुठे गेलं. शेवटच्या प्रश्नावर टेबल शांत झालं तर जास्त खोदू नका, नंतर एकेकट्याला झूमवर गाठा.

आणि सोडून गेलेल्यांना जरूर गाठा, कारण तेच मोकळेपणाने बोलतात. लॅबच्या वेबसाईटवर ऍल्युम्नायची यादी असते, पण त्यात फक्त डिग्री घेतलेले दिसतात, मधेच गेलेले गुपचूप गाळलेले असतात. जुन्या पेपरांवरची नावं बघा, जे नाव दोन पेपरांवर आहे आणि पुढे कुठल्याच यादीत नाही त्याला विनम्र ईमेल टाका. मी स्वतः विद्यार्थी म्हणून पाहुण्यांच्या बाजूला बसलेय, यजमानाच्याही, आणि यजमान म्हणून बसलं की माणूस हातचं राखूनच बोलतो, कितीही प्रामाणिक असला तरी.

आता प्रत्यक्ष की ऑनलाईन. 2020 च्या मार्चमध्ये सगळे व्हिजिट डे एका फटक्यात झूमवर गेले आणि तेव्हापासून ऑनलाईन पर्याय बऱ्याच ठिकाणी राहिलाय. भारतात बसून ऑफर बघणाऱ्यांना बहुधा हाच मिळतो, कारण प्रवासखर्चाला मर्यादा असते आणि व्हिजिटर व्हिसाची अपॉइंटमेंट वेळेत मिळेलच असं नाही. तिकडे आधीच मास्टर्स करणाऱ्यांना जाता येतं, पण पैसे आधी तुम्ही भरायचे आणि रिइम्बर्समेंट मागून येणार असं असेल तर क्रेडिट कार्डावर तेवढी जागा ठेवा.

झूमवर पॅनेल, भाषणं, फंडिंगची माहिती प्रत्यक्षाइतकीच मिळते, उलट चॅटमध्ये आडून विचारायला बरं पडतं. जे मिळत नाही ते म्हणजे मधला रिकामा वेळ, जिन्यात चालताना कोणी सहज बोलून जातं ते. ते भरून काढायचा उपाय माझ्या मते एकच, आणि तो प्रत्यक्ष व्हिजिट डेपेक्षाही सरस आहे: त्या लॅबच्या नेहमीच्या ग्रुप मीटिंगला झूमवरून बसू द्या म्हणून विचारा. व्हिजिट डे म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर, ग्रुप मीटिंग म्हणजे कपाट उघडल्यासारखं. कोणाला मधेच तोडलं जातं, नवा विद्यार्थी प्रश्न विचारायला धजावतो का, प्रोफेसर चुकला तर कोणी सांगतं का, पोस्टडॉकच (पीएचडी झालेला, लॅबमध्ये काम करणारा संशोधक) सगळं चालवतोय आणि प्रोफेसर फोनमध्ये डोकं घालून बसलाय का. तासाभरात कळतं. नाही म्हणाले तर लगेच वाईट अर्थ काढू नका, कधी अजून न छापलेलं काम असतं, पण दोन लॅबपैकी एकाने आनंदाने बोलावलं आणि दुसऱ्याने टोलवलं तर पारडं कुठे झुकतं ते सांगायला नको.

व्हिजिट डे सोडून कुठल्यातरी साध्या मंगळवारी स्वतःहून गेलात तर? जमत असेल तर सोन्याहून पिवळं. दुपारी लॅबमध्ये माणसं असतात की रिकाम्या खुर्च्या, हे त्या दिवशी खरं दिसतं. फक्त प्रोफेसरची वेळ मिळणं अवघड आणि खर्च तुमचा, म्हणून दोन ऑफर खरंच तोडीस तोड असतील तरच हा उद्योग करा.

पैशाचं बोलणं व्हिजिट डेला होतं पण त्यावर जाऊ नका, ऑफर लेटर शेजारी ठेवून वाचा. एकाचा आकडा मोठा दिसतो, पण तो बारा महिन्यांचा आहे की नऊ? नऊचा असेल तर उन्हाळ्याची जबाबदारी कोणाची? ट्यूशन माफ असली तरी दर सेमिस्टरची फी वेगळी कापतात का, हेल्थ इन्शुरन्स कोण भरतं, किती वर्षांची हमी लेखी आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं आणि तेवढे तास टीए-आरएच्या, म्हणजे शिकवण्यातल्या किंवा रिसर्चमधल्या मदतनिसाच्या, कामातच जातात, म्हणजे वरकमाईचा रस्ता जवळपास बंद, स्टायपेंड पुरला पाहिजे म्हणजे पुरलाच पाहिजे. एमआयटीचा लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर काउंटीनुसार खर्चाचा अंदाज देतो, दोन्ही गावांचे आकडे त्यात काढा, कधीकधी दहा हजार डॉलर कमी देणारं गाव जास्त परवडतं. टीए-आरएंची युनियन असेल तर तिचा करार सहसा वेबसाईटवर वाचता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे 48,000 जणांचा संप झाला आणि त्यानंतरच्या करारांत पगार बरेच वाढले, तेव्हा जुन्या सिनिअरने सांगितलेला आकडा धरून बसू नका.

आणि हा प्रश्न हल्ली सगळ्यात आधी विचारा: ग्रँट (प्रोफेसरला रिसर्चसाठी मिळणारा निधी) संपली किंवा काढून घेतली तर माझं काय? 2025 मध्ये फेडरल ग्रँटांवर कुऱ्हाड आली तेव्हा काही ठिकाणी दिलेल्या ऑफरसुद्धा परत घेतल्या गेल्या. "काळजी करू नका, आम्ही बघू" हे उत्तर नाही. "डिपार्टमेंट टीए देतं, हे लेटरमध्ये आहे" हे उत्तर आहे.

समर इंटर्नशिपचंही तसंच. एफ-1 वर सीपीटी (शिकत असताना कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी) सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते, पण नियमात बसणं वेगळं आणि ऍडव्हायजरने जाऊ देणं वेगळं, हे जेवणाच्या टेबलावर विचारा. प्रोफेसर नवा असेल तर टेन्युअरचा (नोकरी कायम होण्याचा) निर्णय त्याच्या नोकरीच्या साधारण सहाव्या वर्षी होतो, म्हणजे बहुधा तुमची पीएचडी चालू असतानाच. तो धावपळीत असेल पण तुमच्याबरोबर खपेल, तर नावाजलेला म्हातारा प्रोफेसर महिन्यातून एकदा दिसेल पण त्याचं शिफारसपत्र सगळीकडे चालेल. यात बरोबर-चूक नाही, स्वतःला रोज ढकलायला कोणी लागतं का ते बघा.

तर सुरुवातीची ती दोन विद्यापीठं. समजा थाटाच्या ठिकाणी फक्त पहिल्या वर्षाचे विद्यार्थी भेटले, फंडिंगची हमी एकाच वर्षाची, प्रोफेसरचं बोलणं लाघवी पण मोघम. आणि पिझ्झाच्या ठिकाणी पाचव्या वर्षाची एक मुलगी रात्री उशिरापर्यंत तुमच्या प्रश्नांना उत्तरं देत बसली, ड्राफ्ट आठवड्यात परत येतो म्हणाली, पाच वर्षांची हमी लेखी आहे. मी डोळे झाकून पिझ्झा घेईन, रँकिंगमध्ये दहा-पंधरा नंबरांचा फरक असला तरी. फरक त्याहून खूप मोठा असेल, आणि पुढे प्रोफेसरकीच करायची असेल, तर मात्र मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही, तिथे नावाला किंमत आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

घाई कोणी करत असेल तर हे माहीत असू द्या: कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या 15 एप्रिलच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरचं उत्तर त्या तारखेआधी सक्तीने मागू शकत नाहीत. सही केलेल्यांची यादी त्यांच्या साईटवर आहे. पण निर्णय झाला की 15 एप्रिलपर्यंत ताणूही नका, नाही म्हणायचं त्या ठिकाणी दोन ओळींचं ईमेल लगेच टाका, वेटलिस्टवरचा कोणीतरी तुमच्या त्या जागेकडे डोळे लावून बसलेला असतो.