एअरबस ए-३२० की बोइंग ७७७: शेवटचा शब्द कुणाचा?

दोन्ही विमानांत वैमानिकाच्या हाताची हालचाल आधी विजेचा संकेत बनते. संगणक तो तपासतो आणि मग हायड्रॉलिक दाबाने पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर या विमान वळवणाऱ्या फळ्या हलतात. ए-३२० सेवेत आले १९८८ मध्ये, ७७७ आले १९९५ मध्ये.

खरा फरक मर्यादांचा आहे. सर्व यंत्रणा ठीक असताना ए-३२० एका बाजूला ६७ अंशांपलीकडे कलतच नाही, वैमानिकाने बाजूची छोटी दांडी कितीही दाबली तरी. ७७७ मध्ये ३५ अंशांनंतर सुकाणू जड होते, पण जोर लावला तर विमान आणखी कलते. घाबरून दांडी पूर्ण मागे ओढली तरी स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणे) होऊ न देणारी एअरबसची व्यवस्था मला मोलाची वाटते.

पण दांड्यांच्या बाबतीत माझा कौल बोइंगला. ७७७ ची दोन्ही सुकाणू जोडलेली असतात. एकाने ओढले की दुसऱ्याला ते हाताला कळते. एअरबसच्या दांड्या एकमेकींपासून स्वतंत्र. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० अटलांटिकमध्ये कोसळले, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, स्टॉलपासूनचे संरक्षण सुटले आणि एक वैमानिक बराच वेळ दांडी मागे ओढत राहिला. अपघाताला इतरही कारणे होती. तरी शेजारच्याचा हात काय करतोय, हे कळायलाच हवे. गल्फस्ट्रीम जी-५०० या खासगी जेटमध्ये बाजूच्या दांड्याही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेल्या आहेत, म्हणजे हे अशक्य नाही.