उजेडाचा दिवा घेण्याआधी समोरची इमारत मोजा

समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या हॉलमध्ये भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. म्हणून हा ‘१०,००० लक्स’वाला (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) टेबल दिवा मागवला.

दिवा वाईट नाही. उजेड पांढरा, स्वच्छ, डोळ्यांना न टोचणारा. पण खोक्यावरचा तो ठळक आकडा २० सेंटीमीटरवरचा आहे, आणि हे लिहिलंय मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तेवढ्या अंतरावर दिवा जवळजवळ नाकाला लागतो. मोबाइलवर लक्स मोजून पाहिलं (अंदाजेच, मान्य): हातभर लांब ठेवला की दीड हजारच्या आसपास. तोच मोबाइल ढगाळ दुपारी गच्चीवर १२,००० दाखवतो आणि आमच्या खिडकीपासून दोन पावलं आत फक्त ९०!

सकाळी अर्धा तास जवळ बसून पेपर वाचला की सुस्ती जाते, हे खरं. शरीराचं घड्याळ लावणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यातच असतात, आणि त्यांना घरातला मिणमिणता उजेड पुरत नाही. मला रात्री झोपही जरा लवकर येऊ लागलीय.

‘व्हिटॅमिन डी मिळवा’ ही मात्र शुद्ध थाप. त्यासाठी २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी (अतिनील) किरण त्वचेवर पडावे लागतात, आणि त्याच खोक्यावर दुसऱ्या बाजूला छापलंय ‘यूव्ही-फ्री’! बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तेच; साधी काच हे किरण जवळपास सगळेच अडवते.

खरं दुखणं समोर उभं आहे. ब्रिटनमध्ये खिडकीच्या मध्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन २५ अंशांच्या वर गेला, तर उजेडाचा सविस्तर हिशोब करावा असा संकेत आहे. मी दोरा आणि कोनमापक घेऊन मोजला: पासष्ट. सोफ्यावरून आकाश दिसतच नाही. त्यात टॉवरला रंग गडद राखाडी. पांढरा दिला असता तर निदान थोडा उजेड परतून आला असता. बेडरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथे कपाटामागे धरलेल्या बुरशीवर दिवा काय करणार?

५ पैकी ३ स्टार. एक थापेचा कापला, एक त्या बारीक अक्षरांचा. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि वायर फार आखूड आहे, एक्स्टेन्शन बोर्ड सोबतच मागवा.