ऱ्होड्सच्या तटाआड १७३.७० युरोचं जेवण

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर, जुन्या शहराच्या तटाआड आम्ही तिघं जेवलो, त्याचं बिल आधी मांडते. मासा, १ किलो ४०० ग्रॅम, १०९.२० युरो. दोन बिअर ३८. ग्रीक सॅलड १४.५०. तिघांचा पाव, जो कुणी मागवला नव्हता, ७.५०. पाण्याची बाटली ४.५०. एकूण १७३.७० युरो. कार्डातून गेले १८,५८५ रुपये ९० पैसे. घरी हा आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही.

पर्यटकांना लुटतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, आम्हालाही होतं. म्हणून भाव न लावलेल्या हॉटेलात शिरायचंच नाही असं ठरवलं होतं. इथे दारातच फळा होता. ताजा मासा, ७.८०. फळा खोटाही नव्हता! त्या आकड्याखाली करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरात '१०० ग्रॅम' लिहिलं होतं. म्हणजे किलोला ७८ युरो. ग्रीसमध्ये चांगला मासा वजनावर विकतात आणि भाव किलोचा लिहायची पद्धत आहे, त्यामुळे ७.८० वाचल्यावर माणूस प्लेटचाच भाव समजणार. यात बावळटपणा कसला? मालवणच्या बाजारात वाट्यावर घासाघीस करून मासे घेणाऱ्यांना शंभर ग्रॅमचा हिशोब सुचावा तरी का?

आता तो क्षण. वेटर ताटात सिनाग्रिदा नावाचा अख्खा मासा घेऊन आला, कल्ले उघडून लाल रंग दाखवला, 'ग्रिल?' म्हणाला. तिघांनी माना हलवल्या. तो वळला आणि जाताना टेबलावरचं मेन्यूकार्ड काखेत मारून घेऊन गेला. जेवण यायच्या आधी मेन्यू का उचलतात? पुढची बिअर बिनभावाची मागवली जावी म्हणून. 'बिग?' एवढंच विचारलं गेलं आणि बुटाच्या आकाराचे काचेचे दोन भलेमोठे ग्लास आले, प्रत्येकी १९ युरो. मासा काट्यावर चढलेला आम्ही पाहिलाच नाही. बिलावरचं १ किलो ४०० हे वजन त्यांच्या तोंडचं. मासा तोलतात तो कच्चा, डोकं आणि पोटातल्या सगळ्यासकट, हे मान्य. पण ताटातला तो मासा सव्वा किलोच्या वर नव्हता, हे मी आजही पैजेवर सांगेन.

मासा स्वयंपाकघरात जायच्या आधी तुमच्यासमोर तोलून घ्या, वजन गुणिले भाव कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. दोघांत एक मासा हवा असेल तर मत्स्यशेतीतली त्सिपूरा नावाची मासळी मागा. ती बहुधा नगावर, ठरलेल्या भावात मिळते. पदार्थाच्या नावापुढे चांदणी किंवा 'कातेप्सिग्मेनो' दिसलं तर तो बर्फातला, त्याला ताज्याचा भाव देऊ नका.

हे नेमकं इथेच इतकं का चालतं? जुन्या शहराभोवती सुमारे चार किलोमीटरचा तट आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाने, तो बळकट केला आणि १५२२ मध्ये उस्मानी सुलतान सुलेमानाच्या वेढ्यापुढे शहर सोडलं. १९८८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. क्रूझ जहाजं तटाला जवळजवळ खेटूनच लागतात. बंदरासमोरच्या दर्या-दरवाजातून आत शिरलं की समोरच हिप्पोक्रेटिस चौक आणि तिथून वर जाणारी सोक्रातूस गल्ली. हजारो माणसं याच वाटेने येतात, संध्याकाळी जहाज सुटतं आणि तक्रार करायला परत कुणी येत नाही. सरदारांचा रस्ता, त्यांच्या प्रमुखाचा म्हणजे ग्रँड मास्टरचा राजवाडा, तटाखालचा खंदक (त्यात फिरायला पैसे पडत नाहीत) हे सगळं बघा, पण भूक लागली तर चौकापासून लांब, दक्षिणेकडच्या गल्ल्यांत जा.

पैसे देतानाचा दुसरा फटका तर शुद्ध चोरी. मशीनने विचारलं, युरो की रुपये? वेटरने मशीन हातात द्यायच्या आधीच रुपयांचं बटण दाबलं होतं. त्या दिवशी युरो १०० रुपयांच्या आसपास होता, मशीनने लावला १०७. बाराशे रुपये असेच गेले. कायम युरो निवडा. रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला लावा, पिन टाकूच नका. काही भारतीय बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही आपलं शुल्क वेगळं कापतात.

मग सुरू झाली तक्रारीची वणवण. ग्रीसमध्ये दुकानाच्या दाराशी तक्रारीचे छापील अर्ज ठेवणं बंधनकारक आहे. इथली पेटी रिकामी. चौकीत गेलो तर साहेबांनी फळ्याचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, भाव लिहिलाय, म्हणजे फसवणूक नाही, महाग आहे. वजनाचं काय, विचारलं. मासा आहे का, म्हणाले! खाल्लेला मासा कुठून आणायचा? तिथून दुसऱ्या कार्यालयात, तिथे ईमेल करा. उत्तर आलं ते ग्रीकमध्ये, आणि त्याचा अर्थ इतकाच की प्रकरण आमच्याकडे येत नाही. युरोपियन ग्राहक केंद्रांचं जाळं आहे, पण ते युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलँडच्या रहिवाशांसाठी. पुण्याचा ग्राहक त्यांच्या हिशोबी ग्राहकच नाही. इकडे बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे संमती तुमची. सहा आठवडे 'तुमची विनंती महत्त्वाची आहे' असे मेसेज पाठवून मग हे एक वाक्य.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे, फक्त टेबलावरून उठायच्या आधी. कायदेशीर पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही, ही पाटी तिथे प्रत्येक हॉटेलात लावलेली असते. आम्हाला आधी हाताने खरडलेली चिठ्ठी दिली, पैसे गेल्यावर यंत्राची पावती. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर एक सेंटही देऊ नका. पावतीवरचा क्यूआर कोड त्यांच्या करखात्याच्या 'अपोदिक्सी' ॲपने तपासता येतो. ते ॲप टेबलावर बसून उघडलं तरी मालकाचा सूर बदलतो, असं तिथल्याच एका दुकानदाराने सांगितलं, पण आम्ही बिल भरल्यावर. पर्यटक पोलिसांचा नंबर १५७१, ग्राहक तक्रारींचा १५२०. लावायचाच तर पैसे द्यायच्या आधी, वेटरच्या देखत लावा. न मागितलेला पाव टेबलावर येताक्षणी परत करा, एक तुकडाही मोडू नका.