पत्र्याखाली काय भरायचं: बगॅस बोर्ड की भाताचं तूस?

कोथरूडला आमच्या गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. एकीत आई झोपते, दुसरीत मुलाचा अभ्यास चालतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात 40 च्या पुढे गेलं की त्या खोल्यांत रात्री दहापर्यंत पंख्याचा वारासुद्धा भाजायचा. थर्माकोल मला नको होतं, पेटलं तर धूर विषारी होतो म्हणून. मग ठरवलं की आपल्याच भागातल्या शेतीतनं जे उरतं तेच वापरून बघू, आणि एकीत बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडाचे, बोर्ड लावले, दुसरीत प्लायचं सीलिंग करून वर 4 इंच तूस पसरलं.

उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर दोन्ही पास. दुपारी चारला सीलिंगला हात लावला तर आधी चटका बसायचा, आता दोन्हीकडे नुसतं कोमट लागतं. तुसाच्या खोलीत मला थोडं जास्त गार वाटतं, पण तिकडे थरही जाड आहे, त्यामुळे त्यावरून निकाल नको लावायला. फिटिंगला बोर्ड सरळ सोपा, सुताराने एका दिवसात काम उरकलं आणि घरात कचराही फारसा झाला नाही. शिवाय पावसाचा पत्र्यावरचा ताडताड आवाज बोर्डाने खूपच कमी केला, तेवढा तुसाने नाही झाला.

पण जुलै लागला आणि आईच्या खोलीत वास सुटला. आंबूस, ताक दोन दिवस बाहेर राहिल्यासारखा. आधी वाटलं गादी ओली झाली, मग उश्या उन्हात टाकल्या, फरशी फिनेलने पुसली, काही केल्या जाईना. शेवटी गणपतीच्या आधी एक बोर्ड उतरवला तर कापलेली कड फुगलेली, मागे करड्या बुरशीचे ठिपके, आणि काळ्या मुंग्यांची रांग थेट आत. कारण साधं आहे, उसाचा रस कितीही पिळला तरी बगॅसमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास साखर उरतेच, आणि पत्र्याला आतून घाम फुटतो तो बोर्ड पिऊन टाकतो. धुतलेल्या बगॅसचा, बोरॅक्स लावलेला चांगला बोर्ड असता आणि कडा सील केल्या असत्या तर कदाचित असं झालं नसतं, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. पण आईला दमा आहे, त्या वासात तिला झोपवणं मला जमेना, आणि माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

त्याच दिवशी दुसऱ्या खोलीतलं तूस मूठभर काढून बघितलं, कोरडं, सळसळतं, वास फक्त गिरणीचा. ज्या कोपऱ्यात पत्रा गळला होता तिथलं ओलं झालं होतं, ते गच्चीवर पसरलं तर दुपारपर्यंत वाळलं आणि परत आत टाकलं. तुसात सिलिका भरपूर असते ना, त्यामुळे ते सहज कुजत नाही आणि भडकूनही पेटत नाही, फक्त धुमसत राहतं, म्हणून वायरिंग मात्र पाइपातनंच न्या. प्रत्येक फोल म्हणजे एक छोटी होडीच, तिच्या पोटात हवा अडकून बसते आणि खरं काम ती हवाच करते.

तुसाचा त्रास नाही असं नाही. 100 चौरस फुटांना 4 इंच थर म्हणजे साधारण 100 किलो वजन, त्यामुळे फ्रेम दणकट पाहिजे, नेहमीच्या जिप्सम सीलिंगवर टाकायचं धाडस करू नका. भरताना धूळ एवढी उडते की मास्कशिवाय उभं राहवत नाही. वर्षभरात ते जवळजवळ इंचभर खाली बसलं, मग दोन पोती वरून टाकली. आणि घेताना गिरणी बघून घ्या. जुन्या हलरवर, म्हणजे भात सडायच्या जुन्या यंत्रावर, तूस, कोंडा, कणी सगळं एकत्र येतं आणि त्याला उंदीर लागतात. रबर रोलरच्या गिरणीवर तूस वेगळं निघतं. मी कामशेतकडच्या अशाच गिरणीवरनं आणलं, तरी घरी एकदा चाळून घेतलं, परातभर कणी निघाली.

मुलाची गाण्याची वगैरे खोली असेल आणि आवाजच अडवायचा असेल तर बोर्ड बघायला हरकत नाही. आईच्या खोलीतले बोर्ड मात्र या दिवाळीनंतर उतरवतोय, पोती सांगून ठेवलीत, मावळात भात झोडून गिरणीवर आला की ताजं कोरडं तूस मिळेल.