दहा जनावरांचा गोठा म्हणजे नेमका केवढा? उद्यमनगरातून करून घेतलेल्या मुक्त गोठ्याचा अनुभव

कोल्हापुरात गोठा कसा झालाय हे मे महिन्यात कळत नाही, जुलैत कळतं. म्हणून पावसाळा पूर्ण सरल्यावर हे लिहायला घेतलं.

आमच्याकडं सहा मुऱ्हा म्हशी आणि चार एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आहेत. करवीर तालुक्यातलं गाव, दूध संस्थेला जातं. जुना गोठा कौलारू, दावणीचा. नवा मुक्तसंचार गोठा, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा, शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्यांच्या एकट्याची नाही. ज्यांच्याकडून कोटेशन मागवली त्या सगळ्यांची मापं थोड्याफार फरकानं तीच होती.

पहिलं कोटेशन आलं ते ‘दहा जनावरांचा गोठा, ३० बाय १६’ असं. दर स्क्वेअर फुटाला, पत्रा-पाइप-मजुरी धरून. मोजायला आलेला त्यांचा माणूस म्हणाला, “वहिनी, ४८० फूट होतंय, जनावराला ४८ फूट. सरकारी मापापेक्षा जास्त देतोय मी.” ऐकायला बरोबर वाटतं. भारतीय मानक ब्युरोच्या मापानं छताखाली गाईला ३.५ चौरस मीटर आणि म्हशीला ४ चौरस मीटर लागतात, म्हणजे अंदाजे ३८ आणि ४३ चौरस फूट. पण ही जागा जनावराच्या बसण्या-उठण्याची. त्यांच्या ४८० फुटांत अडीच फुटांची गव्हाण होती आणि वैरण टाकायला चार फुटांची वाट होती. ती वजा केली की उरतात साडेनऊ बाय तीस, म्हणजे जनावरामागं २८ चौरस फूट. गाईलासुद्धा पुरत नाही, मुऱ्हा म्हैस तर लांबच राहिली. आणि गव्हाण तीस फूट म्हणजे एकेकीला तीन फूट.

इथंच बहुतेक लोक फसतात. मोकळ्या गोठ्यात जनावर गव्हाणीला फक्त खायला उभं राहतं, तेव्हा दोन-अडीच फुटांत भागतं. पण तीच गव्हाण दावण म्हणून वापरायची, तिथंच बांधायचं, तिथंच बसवायचं, तर चार फूट हवेतच. शेडवाले उभ्याचं माप धरून जनावरं मोजतात आणि घेणारा त्यात दावं बांधतो. मग एक म्हैस बसली की शेजारची उभी राहते, रात्रभर. गाय दिवसातले बारा तास तरी बसायला बघते. बसली की कासेकडं रक्त जास्त जातं, रवंथ नीट होतं, खुरांना आराम मिळतो. तिला उभं ठेवून वर पेंड वाढवायची, हा हिशेब मला कधी पटला नाही.

मी त्या माणसाला शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतलं माप दाखवलं. २०२१ मध्ये रोजगार हमीतून गोठ्याला जे अनुदान सुरू झालं, त्यात सहा जनावरांपर्यंतचा गोठा ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद धरलाय. सहानं भागा, एका जनावराला चार फुटांच्या वर गव्हाण येते. २५० लिटरची मुताची टाकी आणि २०० लिटरची पाण्याची टाकीही त्यात धरलीय. अनुदानाचा गोठा चार फूट देतो आणि आपण पदरचे पैसे घालून तीन फूट घ्यायचे? त्यावर तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकांचाच फोन आला, की ताई, तुम्ही काढाल त्या नकाशानं करू. इथं मी त्यांना मनापासून चांगलं म्हणेन. दोन ठिकाणी मला ‘बायकांना काय कळतंय’ याच सुरात उत्तर मिळालं होतं.

शेवटी झाला तो गोठा असा. छत ४० बाय १८. वाट आणि गव्हाण सोडून बसायला ४० बाय ११. त्याला लागून उघडं अंगण ४० बाय २२. मानकानं उघड्यावर गाईला ७ आणि म्हशीला ८ चौरस मीटर लागतात, ते यात बसतं. सगळं मिळून दीड गुंठ्याच्या आत. खर्च वाढला तो जवळजवळ पत्र्याचाच, कारण अंगणाला छत नाही, नुसतं पाइपाचं कुंपण आहे.

काम कसं आहे? वेल्डिंग चांगलं. पाइपांची तोंडं बंद केलीत, कुठं धार राहिली नाही. मी हात फिरवून बघितलं, कारण असल्या कडेनं कास फाटते. पत्र्याच्या मधोमध हवा जायला फट ठेवलीय, त्यामुळं सकाळी आत अमोनियाचा वास डोळ्याला लागत नाही. फाटक बारा फुटी, बाहेर उघडणारं, उंचावरच्या रस्त्याकडं. हे मी हट्टानं करून घेतलं. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी बघितला, त्यांना पाणी चढताना दावी सोडत बसणं काय असतं हे सांगायला नको.

आता तक्रारी. पागोळी, म्हणजे छताची बाहेर आलेली कड, त्यांनी एकच फूट बाहेर काढली. निदान अडीच फूट हवी. जुलैत पश्चिमेचा वारा सुटला आणि बसायची अर्धी जागा ओली. फोन केल्यावर ‘पाऊस उघडू दे’ हेच उत्तर. तोवर आम्ही ताडपत्री बांधून दिवस काढले. नंतर येऊन त्यांनी पत्रा वाढवला, जादा पैसे घेतले नाहीत. पण दोन महिने दोन म्हशींच्या पायांना चिखल्या झाल्या, तो त्रास कोण भरून देणार?

दुसरं, रबर मॅट. मॅट त्यांनीच पुरवल्या, साडेसहा बाय चार फुटांच्या, एकेक पन्नास किलोच्या घरात. माल उत्तम आहे. पण खालच्या कोब्याला उतार दिलाच नव्हता. मूत मॅटखाली साचलं, आठवड्यात वास. पहारीनं सगळ्या मॅट उचलून, साठ फुटांना एक फूट उतार काढून, परत बसवल्या. मॅट घेणाऱ्यांनी एक करावं. विकणाऱ्याला सांगावं, आधी तुम्ही यावर गुडघे टेकून बसा. आमच्या जुन्या कोब्यावर त्यांचा माणूस तसा बसला आणि लगेच उठला. तिथं माझी पाचशे किलोची गाय रोज गुडघे टेकत होती.

चांदी नावाच्या त्या गाईचं सांगते. गाय उठताना आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, डोकं पुढं झोकते, त्या झोकानं मागचा भाग उचलते आणि मग एकेक पुढचा पाय टाकते. जुन्या दावणीत डोकं झोकायला समोर जागाच नव्हती, गव्हाणीची भिंत होती. ती कितीतरी वेळा अर्धी उठून परत बसायची. पुढं पुढं तर आधी पुढच्या पायांवर, घोड्यासारखी उठायला लागली. दोन्ही गुडघ्यांवर लिंबाएवढ्या गाठी, केस गेलेले. आता ती मोकळ्यात बसते, समोर तीन-चार फूट काही नाही. उठते ती एका झोकात. गाठी बसल्यात, डाव्या गुडघ्यावर बारीक केस आलेत.

सासूबाईंची भीती होती की मोकळी सोडली तर म्हशी एकमेकींना मारतील. त्यांचं म्हणणं अर्धं खरं निघालं. एक मारकी म्हैस हौदाशी उभी राहून बाकीच्यांना येऊ देत नव्हती. कोपऱ्याकोपऱ्याला असे दोन हौद केल्यावर ते थांबलं. मोकळ्या गोठ्यात पाणी दोन ठिकाणी हवंच, हे शेडवाल्यानं आपणहून सांगायला पाहिजे होतं.

अंगणाचं सांगायचं तर इकडच्या पावसात नुसता मुरूम टिकत नाही. कमी पावसाच्या शिरोळकडं टिकेल, धो-धो पावसाच्या गगनबावड्याकडं विचारूच नका. आम्ही खाली दगडाची सोलिंग घालून मुरूम दाबला आणि गव्हाणीलगत खाचा पाडलेला कोबा केला. जोराचा पाऊस असला की अंगणाचं फाटक लावून जनावरं छताखालीच ठेवतो. म्हणून छताखालची जागा पुरेशी हवी, अंगणाच्या भरवशावर तिथं कापून चालत नाही.

दूध दुप्पट होतं, असं विकताना सांगतात. तसं काही होत नाही. पण रात्री जनावरं आपण होऊन पाणी पितात, खुरं बरी आहेत, डॉक्टरांच्या फेऱ्या कमी झाल्यात, आणि दावं सोडा-बांधायचं काम गेलंय. माझ्या कमरेला ते फार मोठं आहे.

या फॅब्रिकेशनवाल्यांकडून काम घ्यावं का? लोखंडाचं काम म्हणाल तर जरूर घ्या. मापं मात्र आपली आपण काढून न्या, वाट आणि गव्हाण वजा करून. पागोळी, उतार आणि दोन हौद कोटेशनवर लिहून घ्या. व्यायला आलेल्या म्हशीसाठी वेगळी खोली अजून राहिलीय, बारा चौरस मीटरची, आणि ती मी यांनाच देणार आहे. नकाशा काढून ठेवलाय, पागोळी अडीच फूट.