छतावर पॅनेल आणि हातात दुप्पट बिल

गेल्या उन्हाळ्यात मंगळवेढ्यातील आमच्या घराचा वीजवापर महिन्याला ३०० युनिटच्या वर गेला. त्याच सुमारास गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ ‘सरकारी योजनेतून आलो आहे’ असे सांगत दारी आला. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरील ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, हे त्याचे म्हणणे खरे होते. बहुधा म्हणूनच त्याचे पुढचे सगळे बोलणेही आम्ही खरे मानले.

आम्ही १,८५,००० रुपये रोख दिले. आठ दिवसांत पॅनेल बसले, इन्व्हर्टरचा दिवा लागला, घरच्यांनी आळीत पेढेही वाटले. ‘नेट मीटर महावितरणकडून येईल, तोवर संच चालू ठेवा,’ असे सांगून तो गेला.

हा सल्लाच महागात पडला. नेट मीटर घरात येणारी आणि घरातून बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजते. आमचे जुने मीटर मात्र, दुपारी घरात न खपता बाहेरच्या तारांवर गेलेली वीजही आम्हीच वापरली असे धरून पुढे सरकत राहिले. पुढचे बिल जवळपास दुप्पट आले. कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की, आमच्या ग्राहक क्रमांकावर नेट मीटरचा किंवा अनुदानाचा कोणताही अर्जच झालेला नव्हता. मोबाइलवर अर्जाचा ओटीपी कधी आला नाही, याची शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

आता नव्याने अर्ज करावा, तर दुसरी अडचण निघाली. भारतात बनलेल्या सेलपासून भारतातच तयार झालेल्या, म्हणजे ‘डीसीआर’ पॅनेलनाच हे अनुदान मिळते; आमच्या छतावरची पॅनेल तशी नाहीत. डीसीआर नसलेली पॅनेल स्वस्त पडतात, त्यामुळे मधला फरक कोणाच्या खिशात गेला हे सांगायला नको. ज्यांना संच बसवायचा आहे त्यांनी राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून अर्ज करावा, तेथील नोंदणीकृत विक्रेताच निवडावा आणि ‘डीसीआर’ हा शब्द पॅनेलच्या अनुक्रमांकांसह बिलावर लिहून घ्यावा. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होते. ‘ते आम्ही परस्पर वळते करतो’ असे कोणी म्हटले तर व्यवहार तेथेच थांबवावा.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि पावती मागितली. माझ्याकडे हाताने लिहिलेला, जीएसटी क्रमांक नसलेला एक कागद होता. त्यावरचा फोन आता लागत नाही. संच बंद करून ठेवला आहे, आणि गच्ची पॅनेलने अडल्यामुळे यंदाच्या कुरडया शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळत घालाव्या लागल्या.